गावी गेला

माझं अक्षर चांगलं आहे. बढाई मारतोय म्हणा हवं तर, पण या अक्षरानं मला नोकरी मिळाली आणि पुढं जे झालं तेही या अक्षरानंच झालं. लाइट यायला अजून तासभर तरी लागेल. तो कंदील जरा इकडे सरकवा, म्हणजे सांगतो.

एकतीस वर्षं मी पूर्व किनाऱ्यावरच्या एका पोलाद कारखान्यात टाइम ऑफिसचा कारकून होतो. त्या काळी पोलादाचे कारखाने खाणींच्या आसऱ्यानं, आत डोंगराजंगलात असत. थेट समुद्रकाठी उभारलेल्या पहिल्या काहींपैकी आमचा एक. कोळसा जहाजानं यायचा. मी रुजू झालो तेव्हा तिथे वाळू, सुरूची झाडं आणि गुडघाभर दलदल होती. ती दलदल बुजवायला मुकादमांनी जी माणसं आणली, त्यांत आपल्या मराठवाड्यातलीही बरीच होती. समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यातल्या एकानं मला विचारलं होतं, ‘बाबू, एवढं पाणी हाय तर मग आमी काहून हिकडं आलाव?’ मला तेव्हा हसू आलं होतं.

मागच्या मार्चमध्ये मला साक्षीचा फोन आला. ही लातूरचीच मुलगी, आता त्या कारखान्याच्या जनसंपर्क विभागात आहे. कारखान्याला चाळीस वर्षं होतायत, इतिहासाचं पुस्तक निघणार, आणि सुरुवातीच्या कामगारांच्या नावांची एक भिंतही बांधणार. मेलेल्यांची नावं एका बाजूला, हयात असलेल्यांची दुसऱ्या. ‘काका, मराठवाड्यातली सहा माणसं राहिलीत. तुम्ही तिकडेच आहात, तर तेवढी माहिती काढून द्या ना.’

पाच जणांची माहिती फोनवरच मिळाली. सहावा रामलिंग, मौजे सावळवाडी, तालुका मुखेड, टोकन नंबर अकराशे सत्तेचाळीस. साक्षीनं जुन्या हजेरी रजिस्टरच्या पानाचा फोटो पाठवला होता. नावापुढं निळ्या शाईत दोन शब्द होते, ‘गावी गेला’. खाली तिनं लिहिलं होतं, ‘किती सुंदर अक्षर आहे ना कुणाचं तरी!’

मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

एक्क्याण्णव सालची एकोणीस मार्च, दिवसपाळी. दुसऱ्या दिवशी कुणी मोठी असामी कारखाना बघायला येणार होती, सगळीकडं चुना मारणं चाललं होतं. आमच्या फाटकाचा एक नियम होता. आत गेलेली माणसं आणि बाहेर आलेली माणसं यांचा आकडा जुळला की मी दिवा लावायचो, मगच पाळी सुटल्याचा भोंगा व्हायचा. त्या संध्याकाळी एक माणूस कमी पडत होता. वितळलेलं लोखंड ज्या प्रचंड भांड्यातून नेतात त्याच्यावरच्या फळीवरून रामलिंग खाली गेला होता. ओरडायलाही वेळ मिळाला नाही म्हणे. त्या भांड्यात पडलेल्या माणसाचं काही म्हणजे काही उरत नाही.

फोरमन वीरण्णा माझ्या खिडकीशी आला. त्याच्यामागं अंधारात दोघेतिघे साहेब उभे होते, ते एक शब्द बोलले नाहीत. वीरण्णाच बोलला, ‘मुकादमाचा माणूस होता, कायम नव्हता. गावी गेला म्हणून लिही.’ फाटकात दोन हजार माणसं खोळंबली होती. मी लिहिलं. आकडा जुळला. भोंगा झाला.

वीरण्णा पुढं दोन वर्षांत वारला, साहेब लोक पांगले. जाणणारा मी एकटाच उरलो. म्हणून फोनवर भागत असताना मी स्वतः निघालो. रामलिंगच्या बायकोला खरं सांगायचं, फॉर्मवर खरी तारीख घालायची आणि मोकळं व्हायचं, एवढंच मनात होतं. चौतीस वर्षं उशीर झाला होता, पण निघालो होतो खरं सांगायलाच.

चैत्राचं ऊन होतं. मुखेडला एसटीतून उतरलो तेव्हा बाराचा सुमार असेल. सावळवाडीकडं जाणाऱ्या काळीपिवळीत चालकाशेजारी जागा मिळाली. तिशीतला, दणकट, हसऱ्या तोंडाचा गडी होता.

‘कोणाकडं जायचं हाय काका?’

‘रामलिंग म्हणून होते, आंध्रात कारखान्यात...’

त्यानं गाडीचा वेग कमी केला.

‘माझे वडीलच की ते. मी ग्यानोबा. कारखान्यातून आलाव का तुमी?’

पोराला बापाचा चेहराही आठवत नसणार, असं मला वाटलं. कसं सुरू करावं ते कळेना. मी विचारलं, ‘आई आहेत ना घरी?’

‘हाव. दोघंबी हायेत.’

‘दोघं म्हणजे?’

‘आई अन् वडील. ह्या दिवसांत असतेत ते घरी.’

मला वाटलं, दुसरा कुणी रामलिंग असेल. मग वाटलं, बाईनं दुसरं लग्न केलं असेल, पोराला तसं सांगितलं असेल. माणूस मनाची समजूत घालायला लागला की कशानंही घालतो.

घर गावाच्या टोकाला होतं. पुढं ओसरी, मागं दोन खोल्या. चतुराबाई साठीच्या पुढच्या, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. मी कारखान्यातून आलो म्हटल्यावर त्यांनी पदर नीट केला आणि आतल्या खोलीच्या दाराकडं पाहिलं. ते दार ओढून घेतलेलं होतं.

‘हळू बोला साहेब. निजलेत आतमधी.’

मी पाणी प्यालो. सगळा तांब्या रिकामा केला.

‘बाई, रामलिंग घरी कधी आले होते? म्हणजे... पहिल्यांदा?’

‘काम सोडून आले तवाच की. एक्क्याण्णव साली, होळी झाल्यावर. दिवे लागायच्या येळंला दारात उभे. हातात पिशवी न्हाई, पायात चप्पल न्हाई. अंग नुसतं तापलेलं. म्या म्हनलं ताप हाय. बोलले काहीच न्हाई. आत जाऊन भिंतीकडं तोंड करून निजले.’

‘तारीख आठवते?’

‘तारीख कुठली. बाजाराचा दिस व्हता.’

त्यांना तारखेची गरज नव्हती, मला होती. आमच्या कारखान्यातून मुखेडला यायचं तर दोन गाड्या बदलून, मग एसटीनं, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माणूस पोचत असे. एकोणीस मार्च एक्क्याण्णवला मंगळवार होता, मी विसरलेलो नाही. मुखेडचा बाजार त्या काळी कोणत्या वारी भरायचा हे मी विचारलं नाही. मंगळवार निघाला असता, म्हणजे तीच संध्याकाळ, तर? मला ते उत्तर नको होतं.

‘मग दरसाली येऊन राहिले,’ त्या सांगत होत्या. ‘ह्याच दिवसांत. पहिल्या दोन सालांत थंडीतबी आले. आधी दोन-तीन दिस थांबायचे. आता महिना महिना ऱ्हातेत. कधी जातेत ते कळत न्हाई, सकाळी बघावं तर जागा मोकळी. एक शब्द न्हाई तोंडातून. म्या गावात सांगितलं, पोलिसाची भानगड असंल, इचारू नका. गावबी चांगलं हाय, इचारलं न्हाई कुणी.’

ग्यानोबा चुलीवरचं चहाचं पातेलं उतरवून घेऊन आला. फडकं नाही, पकड नाही. उकळतं पातेलं दोन्ही तळहातांनी धरून त्यानं कपात चहा ओतला आणि मला म्हणाला, ‘घ्या काका, गरम हाय, बेतानं.’ कपाची दांडीसुद्धा मला धरवेना. मी त्याच्या हातांकडं बघत राहिलो. साधा डागही नव्हता.

‘ग्यानोबा, तुझा जन्म कधीचा?’

उत्तर चतुराबाईंनीच दिलं. ‘किल्लारीचा भूकंप झाला बगा, त्या पहाटेचा. भांडी पडाया लागली अन् हे रडाया लागलं.’

मराठवाड्यात ती पहाट कुणाला सांगावी लागत नाही. तीस सप्टेंबर त्र्याण्णव. मी मनात बोटं मोजली, पुन्हा मोजली. एकतीस वर्षं माणसांचे आकडेच जुळवले मी. हा आकडा जुळत नव्हता.

ग्यानोबा माझ्याजवळ उकिडवा बसला. ‘काका, एक काम करा आमचं. माझं जमलंय. उदगीरकडची मुलगी हाय. तिच्या वडिलांचं एवढंच म्हननं हाय की पत्रिकेत तुमच्या वडिलांच्या नावाआधी श्री छापायचं का कैलासवासी, ते ठरवून सांगा. आता घरात मानूस निजलेला अन् कैलासवासी कसं छापावं? अन् श्री छापलं तर म्हनतेत दाखवा. कारखान्याचा कागद असला तर लई बरं होईल. त्यांच्यावर काही केस हाय का वो?’

‘नाही,’ मी म्हणालो. ‘केस नाही.’

‘मग लपून काहून राहिले?’

मला आयुष्यात कुणी इतका अवघड प्रश्न विचारलेला नाही. मी पिशवीतून फॉर्म काढला. मुद्दाम सावकाश काढला. त्यात एकच रकाना महत्त्वाचा होता. हयात की मृत. मृत असल्यास तारीख. खरी तारीख घातली तर भूकंपाच्या पहाटे जन्मलेल्या या पोराचं काय? या बाईचं काय? चौतीस वर्षं गाव गप्प बसलं होतं, एका ओळीनं बोलायला लागलं असतं.

चतुराबाईंना काय वाटलं कुणास ठाऊक. त्या उठल्या. ‘तुमी वळखत होता ना त्यांना? मग बगून घ्या एकदा. म्हंजे कागदावर लिव्हायला बरं.’

त्यांनी दार लोटलं.

पहिल्यांदा वास आला. तो वास मी कुठंही ओळखेन. तापलेलं लोखंड आणि त्यावरून येणारा खारा समुद्रवारा. सावळवाडीपासून समुद्र किती लांब आहे ते तुम्हीच मोजा. आत अंधार होता, आणि उष्मा असा की ओसरीवरचं ऊन गार वाटावं. भिंतीला आढ्यापर्यंत तांबूस झाक चढली होती. कोपऱ्यात माठ होता, तो दिवसातून तीनदा भरावा लागतो असं त्या कुजबुजल्या. कुणी पीत नसतानाही तो रिकामा होतो.

तो खाली जमिनीवर निजला होता. अंगाखाली वाकळ नव्हती. भिंतीकडं तोंड, आमच्याकडं पाठ. खाकी सदरा. केस दाट, काळेभोर. चतुराबाई साठीच्या, मी सदुसष्टचा, आणि ती पाठ पंचविशीतल्या माणसाची होती.

‘मालक,’ त्या म्हणाल्या, ‘कारखान्यातले बाबू आलेत.’

पाठ हलली नाही. श्वासाची हालचालही दिसली नाही. पण मानेवरचा स्नायू ताठ झाला, हाक ऐकल्यावर होतो तसा. मला कळलं की तो ऐकतोय आणि माझ्या बोलण्याची वाट बघतोय. मी लिहिलं होतं, गावी गेला. तो गावी आला होता. मुकाट्यानं, अनवाणी, दरवर्षी, माझ्या त्या दोन शब्दांचा मान राखत. मला त्याच्या पायाशी बसून रडावंसं वाटलं, आणि तिथून पळूनही जावंसं वाटलं. मी पळालो.

ओसरीवर येऊन मी फॉर्म गुडघ्यावर घेतला. चतुराबाई समोर बसल्या. त्यांनी हात जोडले नाहीत, फक्त कपाळावरच्या कुंकवावर बोट टेकवलं आणि माझ्याकडं पाहिलं.

मी लिहिलं, ‘हयात’. वळणदार अक्षरात. खाली सही. ग्यानोबानं फोटो काढून होणाऱ्या सासऱ्याला पाठवला, मी साक्षीला पाठवला. परत मुखेडला सोडताना त्यानं माझ्याकडून भाडं घेतलं नाही. ‘आता श्री छापतो काका,’ म्हणाला, आणि वाटभर शीळ घालत होता. मलाही बरं वाटलं. एका खोट्यानं त्या घराचं वाटोळं केलं होतं, दुसऱ्या खोट्यानं भलं होईल, असं मी स्वतःला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ग्यानोबाच्या नंबरावरून फोन आला. बोलत होत्या चतुराबाई. मागं कसला तरी आवाज होता. मला आधी वाटलं जनावर आहे.

‘साहेब... तुमी काय लिव्हलं वो कागदावर?’

‘का? काय झालं?’

‘ते बोलाया लागले. चौतीस सालात बोलले न्हाईत... आता भाजलं, भाजलं म्हनून राहिले. रात्रीपासून. पानी टाकलं तर वाफ होऊन राहिली. म्या काय करू...’

ग्यानोबानं फोन घेतला. त्याचा श्वास लागला होता. ‘काका, सगळं गाव दारात हाय. दवाखान्यात न्यावं तर कुणाला हात लावता येईना. मीच उचललं त्यांना. माझ्याकडं तोंड केलं त्यांनी... पहिल्यांदा...’

तो आवाज मी ऐकत होतो. भांड्यात पडलेल्या माणसाला ओरडायला वेळ मिळाला नव्हता. जिवंत असल्याचं मी लिहून दिलं, आणि आता त्याला वेळच वेळ होता.

मी सगळं सांगून टाकलं. फळी, भांडं, वीरण्णा, ते दोन शब्द. तारीख सांगितली. मागं तो आवाज चालूच होता.

‘म्हंजे एक्क्याण्णवला,’ ग्यानोबा म्हणाला. ‘अन् मी त्र्याण्णवचा.’

‘ग्यानोबा, मी असं लिहिलं तर तुझं लग्न...’

‘मोडू द्या. गाव काय म्हनायचं ते म्हनू द्या. मानूस हाय वो तो, काका. सोडवा त्याला. लिवा.’

मागून चतुराबाई म्हणाल्या, ‘लिवा साहेब.’

मी नवा फॉर्म घेतला. अक्षर चांगलंच आलं. मृत. एकोणीस मार्च एकोणीसशे एक्क्याण्णव. कारखान्यात कामावर असताना. फोटो साक्षीला पाठवला, आधीचा रद्द समज म्हणून कळवलं. तिचं ‘ओके काका’ आलं. मी ग्यानोबाला फोन लावला, कुणी उचलला नाही. दिवसभर लावत राहिलो.

दिवेलागणीला फोन उचलला गेला. चतुराबाई होत्या. मागं काही आवाज नव्हता. अगदी काहीच नव्हता.

‘मी धम्मानंद, लातूरहून.’

‘हाव, कारखान्याचे साहेब. बोला.’

‘शांत झाले का ते?’

‘कोण?’

‘मालक.’

‘ते जाऊन चौतीस साल झाले की साहेब. तुमी कागद करून दिला, लई उपकार झाले. भिंतीवर नाव येईल म्हनले होता तुमी.’ त्यांचा सूर सरळ होता, थकलेला. हातात बांगड्या असत्या तर फोन धरताना वाजल्या असत्या. तसं काही वाजलं नाही.

मी मग म्हणालो, ‘ग्यानोबाला द्या जरा.’

‘कोण ग्यानोबा?’

‘तुमचा मुलगा, बाई. ज्याचा हा फोन आहे.’

‘आमाला लेकरूबाळ न्हाई, साहेब. हा फोन कुणाचा हाय ते मलाबी कळंना. कोनाड्यात वाजाया लागला म्हनून उचलला.’

मी फोन ठेवणार एवढ्यात त्याच म्हणाल्या, हळू आवाजात, कुणी ऐकेल की काय अशा भीतीनं.

‘साहेब, एक सांगू का? एकटीच असती मी, रोज एकच भाकर करती. आज ध्यान कुठं होतं काय की... परातीत सहा भाकरी झाल्या. चूल इझली तरी अजून गरम हायेत. अन् मला रडू येऊन राहिलं... काहून येतंय तेच कळंना.’